डाव्या बाजूचं मडगार्ड

अलेक्झांड्रियात जुन्या गाड्या बाळगणारे जे थोडे हौशी लोक उरले होते, त्यांच्यात पत्र्याचं काम करणाऱ्या उस्ता, म्हणजे उस्ताद, वस्फीचं नाव आदराने घेतलं जाई. अत्तारीन भागात मशिदीच्या मागच्या गल्लीत त्याचा गाळा होता. जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतील एवढाच, पण छत उंच आणि दिवसभर उजेड. चेपलेला, फाटलेला, गंजून जाळी झालेला पत्रा वस्फीच्या हाती दिला की तो मूळच्या घाटाला परत येई, आणि तोही निव्वळ हातोडीने. राहिलेल्या खड्ड्यावर पुट्टीचा थर द्यायचा, घासायचा आणि वर रंग मारून मोकळं व्हायचं, ही बाकीच्यांची रीत. वस्फीच्या गाळ्यात पुट्टीचा डबा शोधूनही सापडला नसता.

"आमच्या उस्तापाशी पुट्टीचं नाव काढू नका, हाकलून देईल," असं शेजारचा इंजिन मिस्त्री फरघली नव्या गिऱ्हाइकाला बजावून सांगे. जणू काही गाळा त्याचाच होता.

अशा वेळी वस्फी काही बोलत नसे. मान खाली घालून हातातलं काम करत राही. लोकांना तो विनय वाटे. अठ्ठावन्न वर्षांचा, रुंद मनगटांचा, डाव्या कानाने थोडा कमी ऐकणारा हा माणूस स्वतःची स्तुती ऐकून अवघडतो, याचंही लोकांना कौतुकच होतं.

त्या वर्षी जानेवारीत समुद्रावरून तीन दिवस वादळ घोंघावत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुहर्रम बे भागातल्या एका जुन्या इमारतीची दुसऱ्या मजल्यावरची अख्खी बाल्कनी खाली आली. माणूस कोणी सापडलं नाही, पण खाली एक गाडी उभी होती. काळी सिट्रोएन, १९५१ सालची. दिवंगत डॉक्टर रुश्दींची.

दोन दिवसांनी ती गाडी ट्रकवर चढवून गल्लीत आणली, तेव्हा तिच्यावर ताडपत्री होती. ताडपत्रीखालून डावा दिवा आणि त्याच्यामागची मडगार्डची कड तेवढी बाहेर डोकावत होती. वस्फीने ती कड बघितली आणि हातातली हातोडी खाली ठेवली.

ट्रकमागून टॅक्सीने डॉक्टरांची मुलगी आली. नाझली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सगळे तिला अब्ला नाझली, म्हणजे नाझलीबाई, म्हणत. पन्नाशीची, ताठ चालणारी, केस आखूड कापलेले.

"उस्ता, ओळखलंत का?" तिने विचारलं.

"गाडीला ओळखलं," वस्फी म्हणाला. "तुम्ही तेव्हा लहान होता."

"लहान कसली, वीस वर्षांची होते. बाबांबरोबर गाडी न्यायला मीच तर आले होते इथे."

ताडपत्री निघाली. उजवी बाजू बघवत नव्हती. बॉनेट मधोमध खचलेलं, उजवं मडगार्ड चुरगळून टायरला चिकटलेलं, काचेचा खांब वाकलेला, टपाचा कोपरा आत बसलेला. उजवा दरवाजा तर हातरुमालासारखा दुमडला होता. डाव्या बाजूला मात्र नुसती धूळ होती. फरघली दोन्ही बाजूंनी फिरून आला आणि चुकचुकला.

"इंजिन हे बघतील," नाझली फरघलीकडे बोट दाखवून म्हणाली. "पत्र्याचं काम तुम्ही करायचं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. आणि माप शोधायला तुम्हाला कुठे जावंही लागणार नाही. डावीकडचं मडगार्ड तुम्हीच तर केलंय. त्यावरूनच उजवं उलटं उतरवून घ्या. बाबा शेवटच्या आजारपणातसुद्धा भेटायला येणाऱ्याला सांगायचे, वस्फीने लोखंडाशिवाय दुसरं काही वापरलं नाही म्हणून."

वस्फीने मान डोलावली. "वेळ लागेल," एवढंच तो म्हणाला.

"लागू दे. मी दर गुरुवारी शाळा सुटली की येत जाईन."

ती गेली. फरघलीने दोन चहा मागवले आणि स्वतःच दोन्ही प्यायला, कारण वस्फी गाडीपासून हललाच नाही.

तीस वर्षांपूर्वी, १९८७ साली, वस्फी अठ्ठावीस वर्षांचा होता. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या उस्ता लुत्फीशी भांडून, "तुमच्यावाचून माझं अडत नाही," असं तोंडावर सांगून त्याने वेगळा गाळा थाटला होता. डॉक्टर रुश्दी हे त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. गाढवगाडी चुकवायला जाऊन त्यांनी ही सिट्रोएन ट्रामच्या खांबावर घातली होती आणि डावं मडगार्ड पार आत गेलं होतं. दहा दिवसांत देतो, असं वस्फीने सांगितलं.

आठ दिवस तो ठोकत होता. मडगार्डच्या कपाळाशी, जिथे सगळ्यात सुंदर बाक आहे, तिथे त्याने पत्रा नको तितका तापवला. पत्रा ताणला गेला. ताणलेला पत्रा डब्याच्या झाकणासारखा होतो. इथे दाबलं की तिथे टक् करून वर येतो. तो पुन्हा आकसून आणायची कला असते, आणि ती वस्फीला तेव्हा येत नव्हती. लुत्फीला येत होती. त्याचा गाळा तीन गल्ल्या पलीकडे होता. नवव्या दिवशी दुपारी वस्फी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. लुत्फी बाहेर स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. वस्फी तिथूनच परत फिरला.

मग त्याने पुट्टी आणली. आत जाळी दाबली, वर थरावर थर दिले. काही ठिकाणी दोन बोटं जाड. रात्रंदिवस घासून नजरेला गुळगुळीत केलं आणि गाडी रंगाऱ्याकडे पाठवून दिली. काळा रंग चढल्यावर ती चमकली. डॉक्टरांनी मडगार्डवरून हात फिरवला आणि वस्फीला मिठी मारली. पुढच्या महिनाभरात त्यांनी क्लबातले चार मित्र त्याच्याकडे पाठवले. त्या चौघांनी आणखी आठ. वस्फीचं नाव झालं ते त्या मडगार्डवर.

नंतरची दोन वर्षं वस्फी भंगारातली मडगार्डं आणून पत्रा आकसायला शिकला. शिकल्यावर पुट्टीचा डबा फेकून दिला तो कायमचा. तीस वर्षं त्याने एकाही गाडीला फसवलं नाही. लोक याला त्याचा बाणा म्हणत. डॉक्टरांची गाडी रस्त्यात समोरून आली की तो पलीकडच्या दुकानात शिरे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता ती गाडी त्याच्याच गाळ्यात उभी होती. आणि अडचण नुसती लाजेची नव्हती. उजवं मडगार्ड इतकं फाटलं होतं की त्याच्यावरून मूळचा घाट समजणं शक्य नव्हतं. डावं तर त्याने डोळ्यांच्या अंदाजाने भरलेलं. कपाळाशी ते बोटभर चपटं होतं. समोर दहा पावलांवर उभं राहून नीट बघितलं, तर गाडीचा डावा डोळा पेंगुळलेला वाटे. डाव्यावरून उजवं केलं असतं तर दोन्ही डोळे पेंगुळले असते. मूळची सिट्रोएन त्या गाडीत कुठेच उरली नसती.

त्याने टप उचलून घेतला. खांब सरळ केला. दरवाजा उलगडला. मडगार्डपाशी मात्र तो जाईना. दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी नाझली आली तेव्हा फरघली रंगात होता. इंजिनाला काही झालेलं नाही, हे त्याला त्याच सकाळी कळलं होतं.

"अब्ला, तुम्हाला एक गंमत दाखवतो," तो म्हणाला. इंजिनात पडलेले स्क्रू उचलायला त्याच्या खिशात एक लोहचुंबक असे. "तुमच्या बाबांनी उगाच स्तुती केली नव्हती. दुसऱ्या कुठल्याही दुरुस्त केलेल्या गाडीला हा लावा, पडतो. इथे बघा."

त्याने तो डाव्या मडगार्डच्या कपाळाला लावला. लोहचुंबक घसरला आणि फरशीवर खणकन पडला.

फरघली हसला. उचलून त्याने तो वीतभर वर लावला. तिथूनही पडला. कडेला नेला तेव्हा कुठे चिकटला. फरघलीने मग बोट वाकवून मडगार्डवर टकटक केली. पत्र्याचा आवाज आला नाही, भिंतीचा आला. त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

नाझलीने वस्फीकडे बघितलं.

एवढंच म्हणायचं होतं की अब्ला, ते मीच केलंय. चार शब्द. पण फरघली बघत होता, समोरच्या दुकानातला टायरवाला मान वळवून ऐकत होता, आणि वस्फीच्या तोंडून निघालं ते निराळंच.

"माझ्यानंतर कोणीतरी हात लावलेला दिसतोय."

नाझलीने थोडा विचार केला. "नव्याण्णव साली बाबांनी पुन्हा रंग मारून घेतला होता. उस्ता वनीसकडून. तेव्हा पुढे कुठेतरी ओरखडा पडला होता खरा. त्यांनी भरलं असेल का हे?"

वस्फी चिंधीने हात पुसत राहिला. "असेल," तो म्हणाला.

"बाबांनी किती विश्वासाने दिली होती. मी विचारणारच आहे त्यांना."

वस्फीने चिंधी घडी करून बाकावर ठेवली.

वनीस हा त्या भागातला सगळ्यात जुना रंगारी; धाकटे कारागीर त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणत. आता एकोणऐंशीचा. आयुष्यभर रंगाची वाफ पोटात घेऊन छाती निकामी झालेली, म्हणून दहा वर्षांपासून घरीच. करमूस भागात चौथ्या मजल्यावर मुलगा आणि सून मेरियानजवळ राहायचा. १९८७ साली त्या मडगार्डवर पहिला काळा रंग मारणाराही तोच होता.

पुढच्या गुरुवारी नाझली आली ती अजून तापलेलीच होती.

"जाऊन आले मी. त्यांची सून होती, नातवंडं होती, सगळ्यांसमोर विचारलं. म्हटलं, मेलेल्या माणसाला फसवलंत तुम्ही. मांडीवरची घोंगडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, रंग माझ्याच हाताने चढलाय, अब्ला, त्याबद्दल मला माफ करा." ती बाकावर टेकली. "निदान कबूल तरी केलं. पण इतके म्हातारे झालेत, उस्ता. मला वाटलं, उगाच गेले."

वस्फी वळून उगाचच वेल्डिंगची नळी गुंडाळायला लागला. नाझली निघून गेली तरी तो नळी गुंडाळत आणि उलगडत होता.

त्या आठवड्यात तो करमूसच्या बाजूलाही फिरकला नाही. शुक्रवारी मशिदीत मागच्या रांगेत बसला आणि इमामाच्या खुत्ब्यातला एकही शब्द त्याच्या डोक्यात शिरला नाही. शनिवारी दुपारी घरी जेवायला बसला, तेव्हा बायको अतियात मुलूखियाच्या पालेभाजीचं भांडं पुढ्यात ठेवून तशीच उभी राहिली. मुलाच्या नावावरून ती त्याला अबू सामेह, सामेहचा बाप, म्हणे.

"अबू सामेह, आज बाजारात मेरियान भेटली. मला बघून तिने तोंड फिरवलं. वीस वर्षांची ओळख. मी मागे धावत गेले तर म्हणाली, तुमच्या गाळ्यातून आमच्या सासऱ्यांवर आळ आलाय."

वस्फीने भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ताटात ठेवला.

"कसला आळ?" अतियातने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "त्या काळ्या गाडीचा ना?"

"तुला काय माहीत?"

"सामेहच्या वेळी मला सातवा होता. तुमच्या सदऱ्याला त्या पुट्टीचा वास यायचा, मला मळमळायचं. गच्चीत नेऊन धुवायची मी सदरे. नंतर कधीच तो वास आला नाही. विसरेन होय मी?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. माझ्या पोटात ठेवायला ते फार नव्हतं. पण आता दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलंत, ते बरं नाही केलं." तिने भांडं उचललं. "जाऊन या. आल्यावर गरम करून वाढते."

करमूसचे चार मजले वस्फीने दोनदा थांबून चढले. दार मेरियानने उघडलं. तिने सलाम घेतला नाही, नुसती बाजूला झाली. वनीस खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी, श्वासाची शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

"ये वस्फी," तो म्हणाला. "चार मजले चढायला तीस वर्षं लावलीस."

वस्फी समोरच्या स्टुलाच्या कडेवर टेकला. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, ते सगळं उडून गेलं.

"अम्म वनीस, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?"

"घासकागद हातात असतो रे माझ्या. लोखंडावर तो एक आवाज करतो आणि पुट्टीवर दुसरा. पहिल्या हातातच कळलं. मडगार्ड कसलं, पिठाचा गोळा होता तो."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"नवा गाळा होता तुझा. बायको पोटुशी. म्हटलं, एकदा करेल, शिकेल. शिकलासच की." खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. "नव्याण्णव साली गाडी परत माझ्याकडे आली. तेव्हा वाटलं होतं की तुला निरोप धाडावा, बाबा रे, आता येतं तुला, नीट करून टाक. पण तू मला रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करायचास."

"आणि आता? अब्ला आली तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?"

वनीसने त्याच्याकडे बघितलं. "मी सांगितलं असतं तर तिने कुणाचं मानलं असतं? आणि ते माझ्या तोंडचे शब्द नव्हेतच. ज्याचे होते, तो येईल म्हणून बसलो होतो."

वस्फीला वर बघवेना. स्टुलाखालच्या फरशीवर निळ्या फुलांची नक्षी होती. तिच्यातली एक पाकळी उडालेली होती. तो ती पाकळी बघत राहिला.

"बरं, ते राहू दे," वनीस म्हणाला. "घाट कुठून आणणार आहेस? उजवं फुटलं, डावं तुझं. मग?"

म्हणजे म्हाताऱ्याने तोही विचार करून ठेवला होता. रशीद गावी विटांच्या भट्टीचा एक मालक होता, त्याची अशीच सिट्रोएन वनीसने सत्तरच्या दशकात रंगवली होती. मालक गेला, पण गाडी तिथेच आवारात पडून असेल, असं तो म्हणाला. "चाकं नसतील, काचा नसतील. पण पुढून कधी ठोकर खाल्लेली नव्हती. मी हात फिरवलाय तिच्यावरून."

मेरियान आत-बाहेर करत होती. तिने पाणीही विचारलं नाही. वस्फी उठला, आणि दारात वनीसचा हात हातात घ्यायला वळला तर म्हातारा म्हणाला, "माझ्याकडे नको. अब्लाकडे जा."

तो गुरुवारपर्यंत थांबला. जिथे खोटं बोललो तिथेच खरं बोलायचं, एवढं त्याने ठरवलं होतं. नाझली आली. फरघली बॉनेटखाली वाकला होता. टायरवाला आपल्या जागी होता.

"अब्ला, ती पुट्टी माझी आहे," वस्फी म्हणाला. "सत्याऐंशी सालची. मला पत्रा आवरला नाही, म्हणून मी भरली. अम्म वनीसने नुसता रंग मारला. तेव्हाही आणि नंतरही."

फरघलीचा पाना थांबला.

नाझलीने पिशवी बाकावर ठेवली. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी त्यांच्याकडे जाणार म्हटलं, तेव्हाही."

"तेव्हाही."

"बाबांना माहीत होतं?"

"मी कधी सांगितलं नाही. त्यांना आपणहून कळलं असेल, तर ते ते जाणोत."

ती खाली बसली. मग म्हणाली, "उस्ता, पुट्टीचं मला काही वाटत नाही. ती तुम्ही अठ्ठाविसाव्या वर्षी लावलीत. 'असेल' हे तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हणालात."

वस्फीने हातोडी फळीवर ठेवली.

"मी एका आजारी माणसाला त्याच्या नातवंडांसमोर चोर म्हटलंय," नाझली म्हणाली. "हात धुवा. चला माझ्याबरोबर."

टॅक्सीने दोघं करमूसला गेले. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा नाझलीने आधी मेरियानची माफी मागितली, मग वनीसच्या खुर्चीपाशी जाऊन त्याची. तिने सगळं पूर्ण सांगितलं. वस्फी दाराजवळ उभा होता. ती झाल्यावर तो पुढे झाला. मेरियान, तिचा नवरा, दोन मुलं, सगळी बघत होती. तो म्हणाला की चूक माझी होती, तीस वर्षांपूर्वीचीही आणि या महिन्यातलीही, आणि अम्म वनीसचा त्यात काही दोष नाही. मुलांपैकी धाकट्याने विचारलं, "म्हणजे आजोबांनी कुणाला फसवलं नव्हतं?" त्याच्या आईने त्याला आत नेलं.

मग कॉफी आली. तबकात दोन पेले होते. एक वनीसचा, एक नाझलीचा. मेरियानने तबक ठेवलं आणि आत निघून गेली. नाझलीने पेल्याला हात लावला नाही. वनीसने मात्र सावकाश, फुंकर घालत, आपली कॉफी संपवली. वस्फी बसून राहिला. त्या घरात त्याला याहून जास्त काही मिळावं असं त्यालाही वाटलं नाही.

खाली आल्यावर नाझली म्हणाली, "गाडी तुमच्याकडेच राहील. दुसरीकडे नेली तर हे सगळं मला पुन्हा कुणाला तरी सांगावं लागेल."

रशीद गावची ती गाडी खरंच भट्टीच्या आवारात होती. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. वस्फीने दोन दिवस तिच्या पुढ्यात बसून पुठ्ठ्याचे साचे कापले. कपाळाचा एक, कडेचा एक, चाकावरच्या कमानीचे पाच. भट्टीवरच्या लोकांना त्याची गंमत वाटली. त्यांनी त्याला भाजलेले मासे खाऊ घातले आणि कोंबड्यांच्या वतीने भाडं मागितलं.

परत आल्यावर त्याने आधी डावं घेतलं. नाझली समोर बसली होती. छिन्नीने पुट्टीचे ढलपे निघायला लागले. खाली कळकट, निळसर करपलेला पत्रा दिसला आणि त्याच्यावर हातोडीच्या खुणा. एकाच जागी किती घाव घातले होते त्याने. रागाने, घाईने, एकावर एक. वस्फीला आपलेच घाव ओळखता आले आणि ते अनोळखीही वाटले. नाझलीने विचारलं, "ह्या तुमच्याच खुणा?" तो "हो" म्हणाला आणि गॅसची बत्ती पेटवली.

पत्रा ठिपक्याएवढा तापवायचा, आतून ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हाताने मारायचं, लगेच ओल्या फडक्याने थंड करायचं. पुन्हा शेजारचा ठिपका. पत्रा केसाच्या जाडीने आकसतो. असे शेकडो ठिपके. डावं उभं राहायला पाच आठवडे लागले. उजवं त्याने कोऱ्या पत्र्यातून केलं, साचा लावून, काढून, पुन्हा लावून. त्याला दोन महिने गेले. गुरुवारी नाझली येई, बाकावर बसून वह्या तपासे. कामापुरतं बोले. बाबांचं नाव तिने त्या गाळ्यात पुन्हा काढलं नाही.

रंगाच्या आधी वनीसला आणलं. मुलाने आणि फरघलीने त्याला खुर्चीसकट चार मजले उतरवलं. त्याची नजर मंदावली होती, म्हणून तो हाताने बघत होता. डोळे मिटून त्याने उजव्यावरून तळवा फिरवला, मग डाव्यावरून. गल्लीतले पाचसहा जण जमले होते. डाव्याच्या कपाळाखाली त्याचा हात थांबला.

"इथे दोन बोटं खाली. चढलंय जरा."

वस्फीने तिथे तीन हलके घाव घातले. वनीसने पुन्हा हात लावला.

"हं," तो म्हणाला. "आता लोखंड आहे." मग खुर्चीत बसूनच त्याने दुसऱ्या रंगाऱ्याकडून सगळे हात मारून घेतले, दर हातानंतर त्याला शिव्या घालत.

मेच्या शेवटी गाडी गल्लीबाहेर आली. दोन्ही डोळे उघडे आणि सारखे. हौशी लोक बघायला आले, वस्फीच्या पाठीवर थाप मारायला लागले. तो प्रत्येकाला सांगे की डावं मडगार्ड तीस वर्षं पुट्टीचं होतं आणि ती पुट्टी मीच भरली होती. काही हसले. एकाने दुसऱ्याच दिवशी आपली गाडी परत नेली. कामं कमी झाली.

"ज्याला त्याला कशाला सांगत बसतोस?" फरघली वैतागून म्हणाला. "विचारतंय का कोणी?"

"तू नाही का न विचारता सांगायचास, पुट्टी नसते म्हणून? आता हेही सांग."

फरघली तोंड बंद करून आपल्या गाळ्यात गेला. चार दिवस त्याने वस्फीशी बोलणं टाकलं. वस्फीला ते बरोबरच वाटलं. इतकी वर्षं फरघली त्याच्या नावाने शपथा घेत होता.

सांगितल्याने हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. मेरियान समोरून आली की त्याची मान अजूनही खाली जाई. पण आता तो दुकानात शिरत नसे. सलाम करी, तिने घेतला नाही तरी करी.

ऑक्टोबरात वनीस गेला. करमूसच्या चर्चमध्ये गर्दी होती. वस्फी आणि अतियात मागच्या भिंतीशी उभे राहिले. प्रार्थना लांबली, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या बाईने मागे वळून बघितलं. नाझली होती. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकली. अतियात बसली. तिच्या पलीकडे थोडी जागा होती, तिथे वस्फी टेकला.

बाहेर आल्यावर मेरियानच्या नवऱ्याने सगळ्यांचे हात हातात घेतले, वस्फीचाही. मेरियान आत बायकांमध्ये होती.

फाटकापाशी नाझली थांबली होती.

"उस्ता, उजवा दरवाजा पावसात अडकतोय," ती म्हणाली. "खालच्या बाजूला."

"बिजागरी थोडी बसली असेल. आणा, बघतो."

"गुरुवारी आणते," ती म्हणाली, आणि ट्रामच्या थांब्याकडे चालायला लागली.